घरघर काढून मिळेल

एक तुटलेली तार सोडली, तर माझ्या मुलीच्या गिटारच्या डब्यात काहीही बिघाड नव्हता. हे मला कळलं तेव्हा मी तो डबा चार दिवस दुरुस्त केलेला होता.

आधी डब्याविषयी सांगतो, कारण तेव्हा गोंदियाजवळच्या आमच्या कुडवा गावात तसली वस्तू कुणीच पाहिलेली नव्हती. (मीही पाहिलेली नव्हती. पण रेडिओ मेकॅनिक असल्यामुळे पाहिल्यासारखं तोंड करणं भाग होतं.) अर्ध्या विटेएवढा लोखंडी डबा, नारिंगी रंगाचे पोपडे उडालेले, वर तीन गोल बटणं आणि मधोमध पायाने दाबायचा एक जाड खटका. एका बाजूने गिटारची वायर आत शिरते, दुसऱ्या बाजूने निघून अँप्लिफायरला जाते. बटणांजवळ काहीतरी लिहिलेलं होतं म्हणे. पण आधीच्या मालकाच्या बुटांनी ते केव्हाच पुसून टाकलं होतं. हा आधीचा मालक बालाघाटच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. ऑर्केस्ट्रा मोडला, त्याने किराणा दुकान टाकलं, आणि डबा माझ्या मुलीने, रोशनीने, शिकवण्यांच्या पैशांतून विकत घेतला. सेकंडहँड. वर बंद पडलेला. "त्यात काय! आपले बाबा आहेत ना!" असं म्हणून.

बापावर एवढा विश्वास टाकणारी पोरगी मिळायला नशीब लागतं. माझं होतं. तिचं नव्हतं.

रोशनी गोंदियाला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. चार मैत्रिणींचा त्यांचा बँड होता. एक गाणारी, एक कॅसिओवाली, एक ढोलकवाली आणि ही गिटारवाली. विद्यापीठाच्या युवा महोत्सवाला नागपूरला जायचं म्हणजे आधी कॉलेजात निवड व्हावी लागे. मागच्या वर्षी ह्यांनी जीव तोडून वाजवलं आणि परीक्षक सर म्हणाले, "छान झालं हो मुलींनो. अगदी भजनासारखं वाटलं." त्यानंतर रोशनी तीन दिवस जेवताना कुणाशी बोलली नव्हती. यंदा शेवटची संधी. नवं गाणं बसवलं होतं आणि त्याच्या शेवटाला हा डबा लागणार होता. कशासाठी, ते मी विचारलं नाही. मेकॅनिकने असले प्रश्न विचारायचे नसतात. त्यामुळे गिऱ्हाइकाला शंका येते.

दिवाळीत भाऊबीजेला मायलेकी दवनीवाड्याला मामाकडे गेल्या. बायको दुसऱ्या दिवशी परतली. रोशनी मात्र मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, बघायला तिकडेच थांबली. निघण्याआधी तिने डबा गिटारसकट माझ्या टेबलावर ठेवला.

"बाबा, लाइट लागत नाही, एवढंच आहे. तेवढं करून ठेवा. बाकी काही करू नका."

"बाकी करतो कायले?"

"मागच्या वेळी मिक्सरचं बटण बसवायला दिलं होतं, तर तुम्ही..."

"ते वेगळं होतं. तो मिक्सरच हलका होता."

ती गेली आणि मी डबा उघडला. बॅटरीची लाल तार मुळातून तुटलेली. कथलाचा डाग देऊन ती जोडली, बॅटरी लावली, खटका दाबला. लाल लाइट लागला! एकूण पाच मिनिटं. शहाणा माणूस इथे डबा बंद करून चहा प्याला असता. मी चहा प्यालो, पण डबा उघडाच ठेवला. वाजवून बघितल्याशिवाय माल द्यायचा नाही, हा आमच्या दुकानाचा बाणा!

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पाटीवर मी स्वतः रंगवलेलं: 'रेडिओ, टीव्ही, लाउडस्पीकर दुरुस्ती. आवाजातील घरघर खात्रीने काढून मिळेल.' बावीस वर्षं मी हेच करत आलो. भजनी मंडळाचा माइक, ग्रामपंचायतीचा भोंगा, शाळेच्या प्रार्थनेचा कर्णा, सगळ्यांची घरघर मी काढलेली. आमच्या भागात कुठेही 'हॅलो, माइक टेस्टिंग' स्वच्छ ऐकू आलं, की समजावं, हा सेट रहांगडालेंच्या, म्हणजे माझ्याच, हाताखालून गेला आहे. (ऐकू आलं नाही, तरी तसंच समजावं.)

मला गिटार येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी बायको परतली तशी तिला हाक मारली. तिचं नाव शकुन.

"मी म्हणतो तेव्हा ही तार ओढायची. बस."

"माझे हात पिठाचे आहेत."

"चालते. तारेले का समजते?"

तिने तार ओढली. खटका बंद होता. 'टण्ण!' असा गोड, गोल आवाज निघाला. मग मी खटका दाबला, लाइट लागला, आणि म्हणालो, "ओढ!"

'घर्रर्रर्रर्र!!'

काय सांगू तुम्हाला! भाताच्या गिरणीत कुणी लोखंडी खाट घातली तर जसा होईल तसा आवाज! फळीवरचे तीन रेडिओ हलले. शकुनने गिटार पोटाशी धरली आणि म्हणाली, "बाई गं! हिले मी मारलं का?"

"तू नाही मारलं. हा डबा आजारी आहे."

माझा तर्क बघा. खटका बंद, तर आवाज निरोगी. खटका चालू, तर घरघर. म्हणजे आजार डब्यातच! पोरीला बिचारीला माहीतच नाही. तिला वाटतं, फक्त लाइट गेला आहे. उद्या परीक्षकांपुढे खटका दाबेल आणि हे असं भसकन निघेल! बावीस वर्षं मी दुनियेची घरघर काढली, आणि माझ्या स्वतःच्या लेकीच्या डब्यात घरघर?

सगळ्यात आधी मी बॅटरी बदलली. घरघर वाढली. वायर बदलली. घरघर तशीच. सगळे सांधे पुन्हा डागले. तशीच! आणि प्रत्येक वेळी "ओढ!" म्हटलं की शकुनने ओढायचं. दुपारपर्यंत तिने पन्नासेक वेळा ओढली असेल.

"ऐकता का जी, विहिरीवरचा रहाटही मध्ये थांबते."

"पोरीच्या भविष्याचा प्रश्न आहे!"

"मंग माझ्या भाकरीचा कोणाचा आहे?"

आवाज ऐकून शेजारचा भैयालाल आला. भैयालालचं मोटार वाइंडिंगचं दुकान. उन्हाळी धानाला पाणी देणारे पंप जळले, की शेतकरी ते त्याच्याकडे आणतात. भैयालालचा जगाविषयी एकच सिद्धान्त होता: दुनियेतला कोणताही बिघाड अर्थिंग नसल्यामुळे होतो. पंप जळला, अर्थिंग. बल्ब उडाला, अर्थिंग. पुतण्या दहावीत नापास झाला तेव्हाही तो मिनिटभर शाळेच्या इमारतीकडेच बघत होता.

त्याने घरघर ऐकली, डोळे मिटले आणि म्हणाला, "भाई, ये तो सीधा सीधा अर्थिंग का मामला है."

"पण भैयालाल, हा तर बॅटरीवर चालते."

"तो? बॅटरी क्या आसमान में लटकती है? उस को जमीन नहीं लगती?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. पण भैयालाल ज्या खात्रीने बोलत होता, तेवढी खात्री माझ्या कोणत्याच उत्तरात नव्हती. शेतातल्या पंपाचं अर्थिंग करतात, तसंच करायचं ठरलं. हातभर खड्डा, त्यात कोळसा, मीठ, मधे लोखंडी पाइप आणि वरून पाणी. जागा ओलसर हवी. आमच्या अंगणात ओलसर जागा एकच होती, कारण शकुन तिथे रोज सकाळी पाणी घालते.

कोळसा टाकून झाला होता. भैयालाल दीड किलो मीठ ओतून वर बादली रिकामी करत होता, तेवढ्यात शकुन बाहेर आली.

"हे का करून राहिले जी?"

"अर्थिंग."

"कोणाची?"

"डब्याची."

"डबा आत आहे. अन् ही तुळस आहे."

"वायर ओढतो ना आतून."

तिने खड्ड्यात वाकून पाहिलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"आठ दिवसांवर तुळशीचं लग्न आलं, अन् तुम्ही नवरीच्या पायात मीठ ओतून राहिले!"

"भाभी, नमक म्हणजे लक्ष्मी," भैयालाल म्हणाला.

"मंग तुमच्या अंगणात ओता ना लक्ष्मी! आमच्या घरी कायले?"

भैयालाल गिऱ्हाईक आल्याचं सांगून गेला. (गिऱ्हाईक नव्हतं. मला इथून त्याचं दुकान दिसतं.) अर्थिंगची वायर मी डब्याला जोडली. घरघर इतकी ठणठणीत निघाली, की तिला जमिनीचं बळ मिळालं असावं. संध्याकाळपर्यंत तुळशीने मान टाकली. शकुनने ती मुळासकट उचलून तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावली, आणि मला म्हणाली, "हिले काही झालं त मंडपात तुम्हाले उभं करीन."

तिसऱ्या दिवशी मामाच्या घरून रोशनीचा फोन आला.

"बाबा, लाइट लागला?"

"लागला ना! पण तो सोड. तू आली की पाह्य, मी काय करून ठेवलं तर!"

मंडईच्या पिपाणीवरून तिने आवाज चढवला.

"बाबा, तुम्ही काय करून ठेवलं?"

"ते आल्यावर!"

"बाबा, बाकी काही छेडू नका बरं!"

"छेडतो कायले? ठेव फोन. मामाचं बिल वाढून राहिलं."

तेव्हाच मी सगळं सांगितलं असतं तर हा लेख एक पान आधी संपला असता.

चौथ्या दिवशी मला खरा चोर सापडला. डब्याच्या पोटात दोन काचेचे डायोड होते, तांदळाच्या दाण्याएवढे. दोन्हींची एकेक टांग आवाजाच्या वाटेला आणि दुसरी जमिनीकडे. पाहताक्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला! बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे भातखाचराच्या बांधाला, खेकड्याने भोक पाडावं आणि रातोरात धानातलं पाणी निघून जावं, तसा आवाजाचा वरचा भाग ह्या दोन भोकांतून निघून जात होता. उरलेला फाटका आवाज तेवढा बाहेर येत होता. कोण्या गाढवाने हे इथे बसवले? कात्री घेतली आणि दोन्ही कापून टाकले. खाली पडले. पडू दिले. आवाज पुष्कळ सुधारला. अजून थोडी खरखर होती. एक मोठा रेझिस्टन्स आवाज नको तेवढा फुगवत होता, तो काढून छोटा घातला.

"शकुन! ओढ!"

'टण्ण.'

"पुन्हा!"

'टण्ण.' खटका बंद: टण्ण. खटका चालू: टण्ण. कुठे फरक म्हणून नाही! निर्मळ! माझे डोळे भरून आले. शकुनसुद्धा म्हणाली, "हो जी. आता माणसात आला."

मी आनंदाच्या भरात तिथेही थांबलो नाही. दिवाळीला फाटक रंगवलं होतं, त्याचा हिरवा रंग उरला होता. डब्याला दोन हात दिले. खटक्याभोवती पांढऱ्या रंगाने स्वस्तिक काढलं. मग भैयालालला बोलावून उरलेला चिवडा खाऊ घातला. तो डबा ऐकून म्हणाला, "देखा? अर्थिंग का असर धीरे धीरे होता है."

रोशनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आली. निवड होती त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी. पिशवीही खाली न ठेवता ती दुकानात आली आणि टेबलावरच्या हिरव्या डब्याकडे बघत म्हणाली, "हे काय आहे?"

"तुझा डबा!"

"स्वस्तिक?"

"पहिलं वाजव त खरं!"

तिने गिटार जोडली. खटका दाबला. वाजवलं. टण्ण. पुन्हा दाबला. टण्ण. पुन्हा. टण्ण.

"बाबा, हा चालू कुठे होऊन राहिला?"

"चालूच आहे! लाइट पाह्य ना."

"मग आवाज?"

"कोणता?"

"तो... घरघर."

"गेली!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "मुळासकट!"

रोशनी स्टुलावर बसली. मी शाबासकीची वाट बघत होतो. ती हळूच म्हणाली, "बाबा, ती घरघरच तर मी विकत आणली होती."

शकुन दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. रडण्यासाठी की हसण्यासाठी, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

"मुद्दाम?" मी विचारलं.

"मुद्दाम. ह्या डब्याचं तेवढंच काम आहे. चांगला आवाज घ्यायचा अन् फाडून द्यायचा. शेवटी गिटार गरजली पाहिजे ना बाबा! नाही तर पुन्हा भजनच म्हणतील."

मी आयुष्यात पुष्कळ वस्तू बिघडवल्या. पण एखादी वस्तू इतकी चांगली करून बिघडवल्याचा हा पहिलाच प्रसंग. रोशनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "राहू द्या. तुम्ही चार दिवस मेहनत केली," आणि पिशवी उचलून आत गेली. त्या 'मेहनत' शब्दाने मला जेवढं लागलं, तेवढं भैयालालच्या उघड्या वायरने कधी लागलं नव्हतं.

"बसता काय?" शकुन म्हणाली. "काढलं तसं घाला ना मंग."

आता घालायचं म्हणजे काय काय? रेझिस्टन्स माझ्या शर्टाच्या खिशात सापडला. डायोड मात्र शकुनने झाडून घेतले होते, आणि केर परसातल्या उकिरड्यावर गेला होता. तिथे आम्ही तिघं बसलो. पत्रावळी, फटाक्यांचे कागद, रांगोळी आणि वर शकुनने पाखडून टाकलेली तांदळाची कणी! गोंदियाच्या उकिरड्यावर तांदळाएवढी वस्तू शोधायची म्हणजे किती सोपं, बघा. तासाभराने रोशनीला एक सापडला. दुसरा नाही. (शेजारची कोंबडी त्यानंतर दोन दिवस थोडी घोगरी ओरडत होती, असं माझं मत आहे. शकुनला ते पटत नाही.)

तसला काचेचा डायोड बाजारात मिळायचा बंद झाला होता. पण जुन्या रेडिओत असतो! आणि फळीवर एक जुना रेडिओ होता. भैयालालच्या वडिलांचा. मी भैयालालच्या दुकानात गेलो.

"भैयालाल, तुझ्या बाबूजींच्या रेडिओतला एक डायोड पाहिजे."

"बाबूजी का रेडिओ? वो तो तू रिपेअर कर रहा है ना?"

"करून राहिलो."

"छह साल से?"

"काम नाजूक आहे."

भैयालालने हातातली वाइंडिंगची तार खाली ठेवली. मी त्याला सगळं सांगितलं. उकिरडा, कोंबडी, रोशनीचं 'राहू द्या'. तो गंभीरपणे म्हणाला, "निकाल ले. बाबूजी तो वैसे भी टीव्ही देखते हैं. लेकिन एक बात बता. अर्थिंग निकाली तो नहीं?"

दुपारी आम्ही कामाला लागलो. रोशनी स्वतः वाजवायला बसली. एक जुना डायोड, एक रेडिओतला, पुन्हा जागेवर रेझिस्टन्स. घरघर आली! पण आधीसारखी होती का, ते मला कळेना. माझ्या कानाला सगळीच वाईट. कैद्याने तुरुंग बांधायला घ्यावा, तसं माझं झालं होतं.

"एवढी?"

"नाही बाबा. अजून."

मी एक बटण पिळलं. "आता?"

"अजून खराब करा."

"अगं, किती खराब?"

"तुम्हाले जेवढी सहन होत नाही, त्याच्या थोडी पुढे."

मी दात आवळून एक कपॅसिटर बदलला. तिने तार छेडली. आवाज असा निघाला, की बोदलकशाच्या तलावावर कुणीतरी भलंमोठं पत्र्याचं छप्पर फरपटत नेत आहे, आणि त्यालाच मध्येच गाणं सुचलं आहे. मी कानावर हात ठेवले. रोशनी एकदम उभी राहिली.

"बाबा! हे तर पहिल्याहून मस्त आहे! काय केलं?"

"दोन डायोड दोन जातीचे बसवले. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, म्हणून असं होते."

"मंग नवीन काय त्यात?" शकुन म्हणाली. "हा आवाज त मी बावीस वर्षांपासून ऐकून राहिली. हे झोपले की सुरू होते."

रोशनी खदखदून हसली. परत आल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये मी अँप्लिफायरजवळ बसलो होतो. कॉलेजचा लाउडस्पीकर सेट माझ्याच देखरेखीखाली असायचा. ऑगस्टमध्ये मी तो उघडून, साफ करून दिला होता, त्यामुळे अशा कार्यक्रमाला मी लागतोच. शेजारी शकुन. मागे भैयालाल, आग्रहाशिवाय. समोर तीन परीक्षक आणि पहिल्या रांगेत प्राचार्य.

गाणं सुरू झालं. गोड चाललं होतं. परीक्षक मान हलवत होते, आणि मला ती मान ओळखीची वाटली. भजनाचीच मान. मग गाणारी थांबली, ढोलक चढत गेला, आणि रोशनीने स्वस्तिकाच्या मधोमध पाय ठेवला.

'घर्रर्रर्रर्र!!'

खिडकीतली कबुतरं उडाली. एका परीक्षकाच्या हातातलं पेन पडलं. आणि माझा हात! माझा हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे गेला. बावीस वर्षांची सवय, माझं काय चालते? शकुनने मनगट धरलं.

"हात मागे घ्या जी."

"मी नाही करून राहिलो. तोच जाऊन राहिला."

प्राचार्य अर्धे उठले. "अहो रहांगडालेजी! सेट फाटला! बघा ना लवकर! ऑगस्टमध्येच दुरुस्त केला होता ना तुम्ही?"

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मागून भैयालाल ओरडला, "अर्थिंग देखो!"

स्टेजवर रोशनीची बोटं चालू होती, पण नजर माझ्यावर होती. त्या नजरेत भीती होती. परीक्षकांची नव्हे. माझी! बाबा आता उठतील आणि दुरुस्त करतील, ही भीती. बटण डावीकडे थोडं फिरवलं की माझं बावीस वर्षांचं नाव वाचत होतं. नाही फिरवलं, तर उद्या सगळं गोंदिया म्हणणार, रहांगडालेंचा सेट घरघर करते.

मी उभा राहिलो. दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"साहेब, सेट चांगला आहे. ही घरघर आमची आहे."

"तुमची?"

"हो जी. माझ्या हातानं बनवली. मुद्दाम!"

आधी मागच्या बाकांवरून हसू फुटलं. मग शिट्टी. रोशनीने माझ्याकडे बघून मान अशी हलवली, जशी ती लहानपणी सायकलच्या मागचा हात सोडायला सांगताना हलवायची. मग ती दोन पावलं पुढे आली, आणि गाण्याचा शेवट असा काही फाडला, की पोरंपोरी बाकं बडवायला लागली. मागच्या वर्षीचे परीक्षक सर पेन शोधायला वाकले होते, ते तसेच टाळ्या वाजवत वर आले.

निवड झाली. चौघी नागपूरला गेल्या. तिथे त्यांचा पहिला नंबर आला नाही, दुसराही नाही. पण रोशनी परत आली ती तीन दिवस अखंड बोलत होती. जेवतानासुद्धा. तुळशीने पत्र्याच्या डब्यात नवी पानं धरली आणि तिचं लग्न वेळेवर लागलं. मंडपात मला उभं राहावं लागलं नाही.

एकट्या प्राचार्यांचं समाधान झालं नव्हतं. "मुलगी गुणी आहे हो तुमची," ते म्हणाले, "पण सेटमध्ये काहीतरी आहेच. मी या कानांनी ऐकलं." आणि पुढच्या आठवड्यात शिपायाबरोबर अँप्लिफायर दुकानात पाठवून दिला. मी तो दोन दिवस टेबलावर ठेवला, वरची धूळ पुसली आणि तसाच परत केला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "वा रहांगडालेजी! आता कसा खणखणीत झाला! ऑगस्टपेक्षाही चांगला. या वेळी असं वेगळं काय केलं?"

"काही नाही साहेब," मी म्हणालो. "मागच्या वेळी उघडला होता."